इंग्लंडात स्ट्रॉबेरी खुडायला जाताना

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीतली, इंग्लंडची जून-जुलैमधली. स्वतः फळं खुडायला देणारी शेतं याच दिवसांत गजबजतात. निघण्याआधी त्याच सकाळी शेताची वेबसाइट बघाच, कारण आदल्या दिवशीच्या गर्दीने वाफे रिकामे झाले तर शेत बंद ठेवतात. काही ठिकाणी आधी वेळ आरक्षित करावी लागते.

दव वाळलं की सकाळीच खुडा. ओलं फळ डब्यात लवकर बुरसतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही, त्यामुळे देठाशी पांढरट असलेलं फळ घरी नेऊन गोड होईल ही आशा सोडा. थेट टोपीपर्यंत, म्हणजे वरच्या हिरव्या पानांच्या झुबक्यापर्यंत, लाल झालेलंच घ्या. उत्तम फळं बहुधा पानांखाली लपलेली असतात. पानं हाताने वर करून बघा.

फळ धरून ओढू नका. देठ टोपीच्या अर्धा इंच वर अंगठ्याच्या नखाने चिमटा. ओढलं की टोपी निघते, रस गळतो आणि शेजारची फळंही खराब होतात. डबा उथळ हवा, दोन-तीन थरच भरा. बादलीत तळची फळं चेपतात.

उन्हात गाडीची डिकी तापते, म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेली कूल बॅग न्या. घरी न धुता फ्रिजमध्ये ठेवा, खाताना धुवा आणि दोन दिवसांत संपवा. मऊ पडलेल्यांचा त्याच संध्याकाळी जॅम: किलोला 800 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. या फळात जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी असतं, लिंबाशिवाय जॅम पातळ राहतो.