लिनक्स सर्व्हर ते स्टोरेज: मल्टिपाथ कसा लावावा आणि तपासावा

सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये एकच वाट असेल, तर एक केबल निसटली तरी डेटाबेस बंद पडतो. म्हणून सगळं दुहेरी घेतलं जातं: सर्व्हरमध्ये दोन एचबीए (स्टोरेजला जोडणारं कार्ड) पोर्ट, दोन फायबर चॅनेल (स्टोरेजचं खास नेटवर्क) स्विच, स्टोरेजला दोन कंट्रोलर. या सगळ्या वाटा, म्हणजे पाथ, एकत्र धरून एकच डिस्क म्हणून वापरणं म्हणजे मल्टिपाथ.

आधी जोडणी नीट करा. पहिला एचबीए पोर्ट फक्त पहिल्या स्विचला, दुसरा फक्त दुसऱ्याला. प्रत्येक कंट्रोलरचा एकेक पोर्ट मात्र दोन्ही स्विचवर हवा. हे दोन स्विच एकमेकांना जोडू नका; जोडले की फॅब्रिक, म्हणजे स्विचचं जाळं, एकच होतं आणि झोनिंगमधली (कोणता पोर्ट कोणाशी बोलू शकेल हे स्विचवर ठरवण्यातली) एक चूक दोन्ही बाजू पाडू शकते. त्यांची वीजही वेगवेगळ्या यूपीएसवरून घ्या. एका झोनमध्ये होस्टचा, म्हणजे सर्व्हरचा, एकच पोर्ट ठेवा.

आता लिनक्सला एकाच लनच्या (स्टोरेजने दिलेल्या डिस्कच्या) जागी चार डिस्क दिसतील, समजा एसडीबी ते एसडीई. चौघींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) एकच असतो. यातली एखादी थेट माउंट केलीत, तर चार पाथ असूनही तुम्ही एकाच पाथवर आहात.

रेड हॅट घराण्यात ‘डिव्हाइस-मॅपर-मल्टिपाथ’ आणि उबुंटूवर ‘मल्टिपाथ-टूल्स’ हे पॅकेज बसवा, ‘मल्टिपाथडी’ सेवा चालू करा आणि ‘मल्टिपाथ -एलएल’ चालवा. एमपाथए (मल्टिपाथने एकत्र केलेल्या डिस्कला दिलेलं नाव) याखाली चार ओळी दिसायला हव्यात, प्रत्येकीपुढे ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग’. बऱ्याच स्टोरेजवर त्यांचे दोन गट पडतात, एकाचा प्राधान्यक्रम 50, दुसऱ्याचा 10. घाबरू नका. हे अलुआ या पद्धतीमुळे होतं: लन एका कंट्रोलरच्या ताब्यात असतो आणि दुसऱ्याकडून गेलं तर थोडा वळसा पडतो. इथून पुढे एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था) असो वा एफएसटॅब (बूट होताना काय माउंट करायचं याची फाइल), फक्त मॅपरमधलं, म्हणजे एमपाथएसारखं, नाव वापरा. क्लस्टर (एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर) असेल तर डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून सगळ्या नोडवर, म्हणजे त्यातल्या प्रत्येक सर्व्हरवर, सारखंच टोपणनाव द्या.

कॉन्फिगरेशन फाइल इंटरनेटवरून उचलून चिकटवू नका. बहुतेक स्टोरेजसाठीच्या सेटिंग मल्टिपाथमध्येच आहेत. बदल करायचाच तर पुरवठादाराची मार्गदर्शिका पाहून करा. एक निर्णय मात्र तुम्हालाच घ्यायचा आहे: सगळेच पाथ गेले तर काय? ‘नो पाथ रिट्राय’ला ‘क्यू’ दिलं तर लेखन अमर्याद थांबून राहतं, प्रोसेस अडकतात, मारूनही मरत नाहीत, सर्व्हरचा रीबूटही अडकू शकतो. ‘फेल’ दिलं तर क्षणात एरर येते आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होऊ शकते. माझा कौल ठरावीक आकड्याला: तितक्या तपासण्या होईपर्यंत थांबायचं, मग एरर. पाथ दर 5 सेकंदांनी तपासले जात असतील, तर 12 म्हणजे साधारण 60 सेकंदांची सवलत. फायबर चॅनेलऐवजी आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज) वापरत असाल तर ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ (तुटलेली जोडणी परत येण्याची वाट पाहण्याचा वेळ) मुळात 120 सेकंद असतो, तो 5 पर्यंत खाली आणा. नाहीतर मेलेला पाथ सोडायलाच दोन मिनिटं जातील. आधीच शोधलेल्या टार्गेटच्या (स्टोरेजच्या) नोंदीही बदला, त्यांच्यात जुनाच आकडा राहतो.

सर्व्हर वापरात देण्याआधी चाचणी घ्याच, ही पायरी गाळू नका. डिस्कवर लेखन चालू ठेवा आणि पहिल्या स्विचवरचा होस्टचा पोर्ट बंद करा. दोन पाथ ‘फेल्ड फॉल्टी’ दिसतील, लेखन काही सेकंद अडखळेल आणि पुढे चालू लागेल. पोर्ट पुन्हा सुरू करा. चारही पाथ परतल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावा. मग कंट्रोलर एकेक करून बंद करून पाहा.

खरा धोका नंतर असतो. एक पाथ मेला तर अ‍ॅप्लिकेशनला पत्ताही लागत नाही, वापरकर्त्याची तक्रार येत नाही, आणि काही महिन्यांनी कोणीतरी दुसरा स्विच रीस्टार्ट करतं. त्यामुळे मॉनिटरिंगमध्ये ‘डिस्क चालू आहे का’ एवढंच न पाहता प्रत्येक लनचे जिवंत पाथ मोजा: चारपेक्षा कमी दिसले की लगेच अलर्ट. स्विचचं फर्मवेअर बदलायचं असेल तेव्हा त्याला जोडलेल्या प्रत्येक होस्टवर हा आकडा आधी पाहा, आणि एकाही होस्टवर तो कमी असेल तर काम पुढे ढकला.