शेजाऱ्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना कशी करावी

मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं. सुरुवात लहान ठेवा: आपल्या मजल्यावरची किंवा गल्लीतली पाच घरं. छोट्या वहीत प्रत्येक घराला एक पान द्या. सोमवार ते शुक्रवार रोज एक घर, दहा मिनिटं. शनिवारी वस्तीसाठी प्रार्थना करा: पाणी, शाळा, दवाखाना, सफाई कामगार. बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुद्यांनाही त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं (बायबल, यिर्मया 29:7). म्हणून शेजारी कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच येत नाही.

“सर्वांना आशीर्वाद दे” एवढंच म्हणत राहिलं तर आठवड्याभरात मन उडतं. नेमकं मागा: आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दहावीची परीक्षा, सुटलेली नोकरी. ओळख असेल तर सरळ विचारा, “काकू, तुमच्यासाठी प्रार्थनेत काय मागू?” त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. दारात उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करू नका. लोक अवघडतात, संशयही येतो. आपल्या खोलीत, दार लावून करा (मत्तय 6:6). बरं होण्याची हमी कधीच देऊ नका, आणि उपचार थांबवायला तर मुळीच सांगू नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो चुगलीनं. “प्रार्थनेसाठी सांगते हं” म्हणत घरातलं भांडण मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं आणि विश्वास कायमचा तुटतो. परवानगीशिवाय नाव, आजार, पैशाची अडचण कुठेही बोलू नका. वहीत आद्याक्षरं पुरेत.

प्रार्थना करताना हातून होण्यासारखं काही सुचलं, तर त्याच दिवशी करा: डबा, रिक्षाची सोय, रुग्णालयात रात्रीची सोबत. उपाशी माणसाला नुसतं “सुखी राहा” म्हणण्याला बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबानं निरर्थक म्हटलं आहे (याकोब 2:15-16).