मोफत वकील मिळतो: अटकेनंतर घरच्यांनी करायची तयारी

घरातल्या माणसाला अटक झाली की आपण आधी सावकाराकडे धावतो, मग वकिलाकडे. तसं करू नका. अटकेपासून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि त्या पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या सुनावणीलाच, सरकारी खर्चाने वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. त्याने मागितला नाही म्हणून हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सुक दास प्रकरणात सांगितलंय.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. तिथे साध्या कागदावर अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा. सोबत एफआयआरची प्रत, निदान सीआर नंबर (गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक), पोलीस ठाणं, कलमं आणि आधार न्या. एखादा कागद नसला तरी अडून बसू नका. एक आई भर उन्हात तीन दिवस उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभी होती, हे मी पाहिलंय. मुलगा कोठडीत! कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांनाही नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे.

घरी एक वही घाला. कुठून नेलं, किती वाजता, अंगावर मार होता का, सगळं त्याच रात्री लिहा. आठवड्याने वेळ नीट आठवत नाही. पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर ठळक करा. गुन्ह्याप्रमाणे तिथून 60 किंवा 90 दिवसांत चार्जशीट आली नाही, तर जामीन हक्काने मागता येतो. वकिलाला त्या दिवसाची आठवण बिनदिक्कत करून द्या.

जामीनदार आतापासूनच शोधा. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार नाही म्हणून माणसं आत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. जामीनदाराचा सात-बारा किंवा पगारपत्रक, रेशनकार्ड, फोटो तयार ठेवा. कुणीच मिळत नसेल तर वकिलाला तसं स्पष्ट सांगा. अट शिथिल करण्यासाठी अर्ज करता येतो.

वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च प्राधिकरण करतं. कुणी पैसे मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. ते स्वतः न्यायाधीश असतात.

आणि आतल्या माणसाला बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्या तारखेलाच वकिलाच्या हातात द्या.