महापालिकेची पावसाळी तयारी खरी की कागदी? ठाणे–नवी मुंबईत तपासायची रीत

नालेसफाई साधारण ३१ मेपर्यंत उरकायची असते, म्हणून नागरिक म्हणून तुमची तपासणी मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी संपवा. जूनमध्ये सापडलेली उणीव भरून निघत नाही, तिची फक्त नोंद होते. चार-पाच जण पुरेत, पण त्यात एक तरी सिव्हिल किंवा पंपाच्या कामातला असू द्या.

आधी पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मिळवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. पालिकेचाही तसा हवा. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस, आणि राज्याच्या नियमानुसार मजकूर १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. म्हणजे अर्ज मार्चमध्येच टाकायला हवा. हातात आल्यावर प्रस्तावना सोडून थेट मागची संपर्कयादी उघडा. बदल्या झालेल्यांची नावं तशीच असतात, बंद क्रमांक असतात. प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालयाच्या रात्रपाळीच्या क्रमांकावर रात्री अकरानंतर एकदा फोन लावा. १०१, १०८ आणि ११२ वर मात्र चाचणी म्हणून कधीही फोन करू नका.

आता पंप. ‘इतके पंप सज्ज’ या वाक्याला अर्थ नाही. हिशेब असा: एका हेक्टरवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० घनमीटर पाणी. सखल भागाकडे दहा हेक्टरचं पाणी उतरत असेल तर तासाला ५,००० घनमीटर. काही जिरतं, काही गटारातून जातं, पण तिथे तासाला २५० घनमीटर उपसणारे दोन पंप ठेवले असतील तर ते पाऊस थांबल्यावर कामाचे, पावसात नव्हे. पंप सुरू करून दाखवायला सांगा आणि पंधरा मिनिटं चालू द्या. फूट व्हॉल्व्ह (शोषनळीच्या तळाची झडप) गळत असेल तर इंजिन चालू राहतं, पण पाणी नीट उचललं जात नाही किंवा मध्येच तुटतं. अर्ध्या मिनिटाच्या प्रात्यक्षिकात हे लपतं. होजचं दुसरं टोक कुठे सोडणार तेही पाहा. त्याच तुंबलेल्या नाल्यात सोडलं तर पाणी फिरून परत येतं. डिझेल किती तासांचं, रात्री चालवणारा कोण, पंपाचं नियंत्रण पॅनेल मागच्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर आहे का, हे तिन्ही प्रश्न विचाराच.

नवी मुंबईत बेलापूर, वाशीसारख्या भागांत खरी मदार धारण तलावांवर आहे. भरतीला खाडीकडचे झडप-दरवाजे बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. याची चाचणी कोरड्या दिवशी होते. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला, भरतीच्या दोन तास आधी काठावर खूण करा आणि भरतीला पुन्हा पाहा. पाऊस नसताना पातळी चढली, तर झडप नीट मिटत नाही. बहुधा प्लास्टिक किंवा गाळ अडकलेला असतो. अशा तलावात पावसाचं पाणी मावेल तरी कुठे? तलावात तिवरं दाट झाली असतील तर गाळ काढण्याची परवानगी कोणत्या टप्प्यावर अडली आहे, ते लेखी मागा.

नाल्याच्या बाबतीत ‘इतके टक्के सफाई झाली’ ही टक्केवारी विसरा. खुणा केलेला बांबू घेऊन मोरीखालची (नाला रस्त्याखालून जातो तिथली) खोली सफाईआधी आणि नंतर मोजा. मधला उघडा नाला चकाचक आणि मोरीखाली गाळ तसाच, हा नेहमीचा प्रकार. विटाव्याच्या रेल्वेपुलासारख्या ठिकाणी पालिका, रेल्वे आणि रस्ता सांभाळणारी यंत्रणा यांपैकी कुणाचं काम कुठे संपतं, हे नकाशावर लिहून घ्या. काठावर टाकलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत जातो.

मुंब्रा-कळव्याच्या डोंगरउतारावर आणि सी-१ (अतिधोकादायक) यादीतल्या इमारतींत राहणाऱ्यांना हलवायचं कुठे, हा वेगळा प्रश्न. निवारा केंद्र म्हणून दाखवलेल्या शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांनुसार माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० जणांमागे एक शौचालय लागतं. सहा बाय आठ मीटरच्या वर्गात त्या हिशेबाने तेराच माणसं बसतात. यादीत ‘क्षमता ५०’ लिहिलं असेल तर ती आकडेमोड नव्हे, अंदाज आहे.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याजवळ राहत असाल तर कारखान्याबाहेरच्या आपत्ती आराखड्याची (कारखान्यातल्या अपघाताची झळ बाहेर पोचली तर काय करायचं, त्याची) रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी लागते. तिचा अहवाल मागा. त्यात एकही त्रुटी नोंदलेली नसेल तर तालीम झाली नाही, समारंभ झाला.

सापडलेली प्रत्येक उणीव एका ओळीत लिहा: ठिकाण, तारीख, फोटो, काय बिघडलं, कुणी दुरुस्त करायचं. पत्र सहायक आयुक्तांना द्या, प्रत आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. पोच घेताना आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, आणि २५ मेच्या सुमारास त्याच यादीने त्याच ठिकाणी पुन्हा फेरी मारा.