टबातली वॉटर लिली

टब खोलपेक्षा पसरट घ्या. दीड-दोन फूट व्यासाचा पुरतो. जागा मात्र रोज 5-6 तास थेट ऊन येईल अशीच हवी. सावलीत नुसती पानं येतात, कळ्या नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची माती. कोकोपीट, गांडूळखत अजिबात नको. तरंगतं आणि पाणी नासवतं. मी बागेतली जड, चिकट मातीच वापरते. ती पसरट कुंडीत भरून हार्डी, म्हणजे थंडी सोसणाऱ्या जातीचा कंद कडेला तिरका लावायचा, कोंब मध्याकडे वळवून. कोंबाचं टोक मातीबाहेर राहू द्या. गाडलं की कुजतं. ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या जातीचा कंद मात्र मधोमध, उभा. वरून खडीचा पातळ थर.

कुंडी टबात हळूच सोडा. सुरुवातीला कोंबावर 4-6 इंच पाणी पुरे, पानं वाढतील तसं वाढवा.

थोड्या दिवसांत पाणी हिरवं होईल. घाबरून बदलू नका! ताज्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य मिळतं. पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं की ते निवळायला लागतं. डासांसाठी गप्पी मासे सोडा. पिवळी पानं देठाच्या बुडापासून काढा. आणि कितीही मोह झाला तरी कारंजं नको, हिला संथ पाणीच मानवतं.