आधी सूर्यास्त, मग तिकीट: बेसबॉलच्या दौऱ्यावर शब्बाथ पाळताना या चुका टाळा

दर फेब्रुवारीत फोन सुरू होतात. आपलीच बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजाची) मुलं, ठाण्याची, मुंबईची, एखादा अलिबागचा, नोकरीसाठी न्यू जर्सीत आलेली. "अंकल, मेट्स (न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ) पिट्सबर्गला चाललेत, आम्हीपण जातोय. तिकिटं काढली!" आणि मग विचारतात, शब्बाथचं कसं करायचं? शब्बाथ म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत: गाडी नाही, विजेची बटणं नाहीत, सामना बघायला जाणं नाही. हा क्रमच उलटा आहे. बाकीच्या चुका त्यातूनच निघतात.

मोसमात एका संघाचे 162 सामने, त्यातले 81 परगावी. परगावची मालिका बहुधा तीन सामन्यांची, आणि शनिवार-रविवार धरून असेल तर शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार. म्हणजे आपल्या हाती फक्त रविवार. एका सामन्यासाठी विमानाचं भाडं भरलं की मुलं चिडतात, आणि चिडलेला माणूस पळवाटा शोधतो. त्यापेक्षा सोमवार ते बुधवारची मालिका घ्या, नाहीतर गुरुवारी सुरू होणारी चार सामन्यांची. शिकागोचं रिग्ली फील्ड हे मैदान तेवढं वेगळं. तिथे शुक्रवारचे बरेच सामने आजही दुपारी 1:20 ला असतात.

"शनिवारी रात्री हवदाला करून जाऊ की!" हेही दरवर्षी ऐकतो. हवदाला म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना. जूनअखेर न्यूयॉर्कात सूर्य साडेआठला मावळतो. डेट्रॉइटचं घड्याळ न्यूयॉर्कचंच, पण तिथे मावळायला सव्वानऊ होतात. फिनिक्सला घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, म्हणून तिथे पावणेआठच्या आतच. डेट्रॉइटला तारे दिसेपर्यंत सव्वादहा वाजतात. पूर्वी सामने तीन तासांवर रेंगाळायचे, तेव्हा शेवटच्या दोन इनिंग तरी मिळायच्या. 2023 मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आलं आणि सरासरी सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. संध्याकाळी 7:10 ला सुरू झालेला सामना दहाच्या आत संपतो. ज्या गावी जायचं तिथला सूर्यास्त बघा, घरचा नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली आहे: स्टेडियमला लागून हॉटेल घेणं.

बरीच वर्षं झाली. मालिका पिट्सबर्गलाच होती. तिथल्या पीएनसी पार्क स्टेडियमसमोर नदीपलीकडे डाउनटाउनचा मोठा पिवळा पूल दिसतो, ते दृश्य डोळ्यांत भरलं आणि मी तिथेच जवळ चौदाव्या मजल्यावर खोली घेतली. त्या शनिवारी बाबांचं वर्षश्राद्ध होतं, याहरझाइट. काद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला मिन्यान, म्हणजे दहा जणांचा जमाव, लागतो. सिनेगॉग (आपली प्रार्थनास्थळं) शहरातच आहेत, जाऊ चालत, एवढाच माझा विचार. ज्यू वस्ती स्क्विरल हिलला, नदी ओलांडून आठ-नऊ किलोमीटर पलीकडे, हे शुक्रवारी दुपारी नकाशा उघडला तेव्हा कळलं.

तरीही चालत गेलो असतो. पण खोलीची चावी म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्ड. ते शब्बाथला वापरायचं नाही, आणि एरुव (ज्या आखलेल्या हद्दीत शब्बाथला वस्तू जवळ बाळगून चालता येतं ती) आहे की नाही हे न विचारल्यामुळे खिशात घेऊन रस्त्यावरही जाता येत नव्हतं. दार एकदा लागलं की परत आत येणं बंद. जिन्याचं दार खालून उघडतं का, तेही विचारलेलं नव्हतं. बाथरूमचा दिवा माणूस आत शिरला की आपोआप लागणारा. मी पंचवीस तास त्या खोलीत बसून काढले. थंड चपाती आणि बटाट्याची भाजी खाल्ली, एकट्याने प्रार्थना केली. खिडकीतून स्टेडियमचा आरडाओरडा येत होता. बाबा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथला कधी गैरहजर राहिले नाहीत, आणि त्यांच्या दिवशी माझ्याकडून काद्दिश राहिलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी हॉटेल सिनेगॉगपासून चालत जाता येईल असं घेतो आणि स्टेडियमला बसने जातो. अटलांटाचं मैदान तर 2017 पासून शहराबाहेर कॉब काउंटीत आहे आणि ज्यू वस्ती टोको हिल्सला. तिथे दोन्ही साधेल अशी जागा शोधूच नका. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर मागा, दाराचं काय करायचं ते आपल्या रब्बाईला, म्हणजे धर्मगुरूला, आधी विचारा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे सिनेगॉगच्या ऑफिसला मंगळवारपर्यंत फोन करा. बरेचदा ते कुणाच्या तरी घरी उतरवून घेतात, शुक्रवारच्या जेवणासकट.

फोनचं आणखी एक कारण आहे. 27 ऑक्टोबर 2018 ला याच स्क्विरल हिलमध्ये ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगच्या इमारतीत शब्बाथच्या सकाळी अकरा जणांना मारलं. आता दारं बंद असतात, दाराशी माणूस असतो. आपला चेहरा कोकणी, आडनाव पेणकर नाहीतर रोहेकर. ते विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे. आधी कळवलेलं असलं की तोच माणूस हात धरून आत नेतो.

खाण्याचं थोडक्यात. कोशेर म्हणजे आपल्या धर्मनियमांप्रमाणे चालणारं. पाटीवर "कोशेर-स्टाइल" लिहिलं असेल तर ते कोशेर नाही. कोशेर सॉसेज इतर मांसाच्याच तव्यावर भाजलं तरी गेलं. देखरेखीखालचा खरा स्टॉल शुक्रवारी रात्री आणि शनिवारी बंदच असतो. उघडा दिसला तर शंका घ्या. शाकाहारी म्हणजे आपोआप कोशेर, हेही डोक्यातून काढा. चीज आहे, व्हिनेगर आहे, भांडी आहेत. मी चपात्या आणि चटणी घरून नेतो. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालतं का ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, आधी बघून घ्या.

पाठीवरची सॅक बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. तेफिलीन (सकाळच्या प्रार्थनेला हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) खोलीवर ठेवून जा, आणि दुपारचा सामना असला तर सकाळीच बांधून घ्या.

हॉटेलच्या काउंटरवर शनिवारी आडून स्कोअर विचारू नका. रात्रीपर्यंत थांबता येतं.

पेसाख, आंबवलेलं न खाण्याचा सण, एप्रिलमध्ये मोसमाच्या सुरुवातीलाच येतो. तेव्हा पाव आणि बिअर दोन्ही बंद. उन्हाळ्यातल्या आव या ज्यू महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस नाही. ऑक्टोबरच्या सामन्यांची तिकिटं काढण्याआधी योम किप्पुर, आपला सर्वांत मोठा उपासाचा दिवस, कधी ते बघा. 1965 च्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना योम किप्पुरला आला आणि डॉजर्स संघाचा ज्यू पिचर (चेंडू टाकणारा) सँडी कूफॅक्सने चेंडू हातात घेतला नाही. डॉजर्स तो 8-2 ने हरले. सातव्या सामन्यात अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर त्याने मिनेसोटाला एकही धाव दिली नाही आणि मालिका जिंकून दिली. त्याला जमलं, तर आपल्याला एक तिकीट सोडणं जड जाऊ नये.

शेवटी पाऊस. रिग्लीचा शुक्रवार सुरक्षित वाटतो, म्हणून मुलं निर्धास्त असतात. एका सप्टेंबरात तिथे दीड तास पाऊस पडला. शब्बाथचे दिवे लावायची वेळ सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं, म्हणजे साडेसहा. सातवी इनिंग, बरोबरी, मेट्सचे दोन खेळाडू बेसवर, आणि घड्याळात पाच. मी उठलो. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "अंकल, एकच बॅटर." मी नाही म्हणालो. आधी रेड लाइनची ट्रेन, मग डेव्हन अव्हेन्यूची बस. त्या रस्त्यावर एकीकडे आपल्या साड्यांची आणि मिठाईची दुकानं, पुढे चालत गेलं की सिनेगॉग. यजमानांच्या घरी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि काकू वाती सरळ करत होत्या. तो मुलगा आता दर शुक्रवारी दिव्यांआधी दीड तासाचा गजर लावूनच मैदानात शिरतो.