पेपर टाकण्याआधी: स्वप्नातली नोकरी नकोशी झाली तर

कॉलेजात असल्यापासून ज्या आयटी कंपनीसाठी जीव टाकला, तिथेच दर रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येऊ लागला की नवखी मुलं स्वतःलाच दोष देतात. तसं करू नका. आधी काम जड आहे की वागणूक वाईट, हे वेगळं करा. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाला द्यायच्या, आठवड्यातला उशीर रिलीजनंतर थांबतो. चारचौघांतला पाणउतारा आणि ऐनवेळी रद्द होणारी रजा त्यानंतरही चालूच राहिली, तर आधी प्रोजेक्ट बदलून मागा. तेही जमलं नाही तर बाहेर बघा.

नोंद ठेवा, स्वतःच्या वहीत. ‘मॅनेजर फार त्रास देतो’ एवढ्यावर एचआर काही करत नाही. ‘मंगळवार, रात्री 11.40 ला फोन: सकाळी 9 पर्यंत रिपोर्ट हवा. सकाळी तो न उघडताच टीमसमोर बिनकामाचा म्हटलं, अमुक दोघे हजर’ अशी नोंद असली तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. तोंडी बदललेलं काम त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने पक्कं करा. कंपनीच्या फाइली मात्र खासगी जीमेलवर पाठवू नका. डेटा बाहेर नेल्याचा ठपका बसतो आणि तुमची मूळ तक्रार बाजूलाच पडते.

लैंगिक छळ असेल तर मार्ग वेगळा. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. पीडित स्त्रीने घटनेपासून 3 महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची असते.

झोप उडाली, रडू आवरेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. लाजू नका.

सोडायचं ठरलं तर रागाच्या भरात जाणं बंद करणं सगळ्यात महागात पडतं. ‘अॅब्स्काँडिंग’चा (न सांगता गायब झाल्याचा) शेरा बसतो, रिलीव्हिंग लेटर (कामातून रीतसर मोकळं केल्याचं पत्र) अडतं आणि पुढची कंपनी जुन्या नोकरीची चौकशी करते त्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तेच आडवं येतं. नियुक्तीपत्रात नोटीस 30, 60 की 90 दिवसांची, बायआउट (उरलेल्या नोटीसऐवजी भरायचे पैसे) बेसिक म्हणजे मूळ पगारावर की ग्रॉस म्हणजे एकूण पगारावर, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, हे वाचा. शक्यतो 4 ते 6 महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. कंपनीचा आरोग्यविमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना साधारण पहिले 30 दिवस संरक्षण नसतं, म्हणून ती नोटीस काळातच घ्या. लॉगिन बंद होण्याआधी सगळ्या पे-स्लिप आणि फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) उतरवून घ्या. पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर 2 महिन्यांनी ती ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.